मामा बसे आसनी

३ डिसेंबर, सोमवार

आज माझ्या पायजम्यातून नाडी काढून टाकण्यात आली आणि तिथं इलास्टिक ओवण्यात आलं. निर्णय माझ्या गैरहजेरीत झाला; मी अंघोळीला गेलो होतो. निषेध नोंदवून ठेवतो. शाळेत जायला लागल्यापासून स्वतःची गाठ स्वतः मारत आलेल्या माणसावर पन्नाशी उलटल्यावर ही पाळी यावी! निजाम गेला, पण नाडी टिकली होती. ती आज मुकुंदवाडीत, वरच्या मजल्यावर, चहाच्या आधी गेली.

बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, म्हणणं : "रोज सकाळी त्या गाठीशी कुस्ती खेळायलेत, मग बोटं सुजली म्हणून बसायलेत. मला शाळेला उशीर व्हतो." दिवसभर ती तिसरीच्या पोरांना प्रमाण मराठी शिकवते आणि घरी चप्पल काढली की माहेरची, पिशोरची होते.

इलास्टिक फार सुखाचं आहे. हे तिला सांगणार नाही.

बोटांबद्दल एकदाच लिहून टाकतो. दोन वर्षं झाली. डॉक्टरबाई लांबलचक इंग्रजी नाव घेतात, आपल्याकडे आमवात. शरीराचं सैन्य शरीराच्याच सांध्यांवर चालून जातं. बरा होत नाही, आवरता येतो. यापुढे इथं रोज रडगाणं नको. बरा दिवस असला तर शु., म्हणजे शुक्ल. वाईट असला तर कृ., कृष्ण. पुरे.

आज धड शु. नाही, धड कृ. नाही.

५ डिसेंबर, बुधवार

शु.! ठणठणीत शु. उठलो तर गुडघे गप्प, मूठ वळतेय. युसुफभाईंना फोन, चला वैजापूर. कांद्याच्या लिलावाची बातमी केव्हाची लटकली होती. युसुफभाई आमच्या पेपरचे फोटोग्राफर आणि माझे सारथी. त्यांना शुगर. एका खिशात गोळ्या, दुसऱ्या खिशात इमरती.

मोटारसायकलवर गेलो-आलो. यार्डात उभं राहून शेतकऱ्यांशी बोललो, अडत्यांशी बोललो, एका हमालाशी उगाचच बोललो. घरी येऊन बातमी लिहून पाठवली. तरी अंगात जोर. म्हणून माळ्यावरची पुस्तकं खाली काढली, पुसली, विषयवार लावली. मग स्कूटर धुतली. बादलीत पाणी उरलं म्हणून खालच्या काकूंच्या मुलाचीही धुतली.

सुनंदा शाळेतून आली, सगळं बघितलं आणि शेकायची पिशवी काढून पलंगाशी ठेवली. ते मला आवडलं नाही.

६ डिसेंबर, गुरुवार

कृ.

७ डिसेंबर, शुक्रवार

कृ. पेन जड.

८ डिसेंबर, शनिवार

कृ. युसुफभाई बघायला आले. "क्या पंडितजी, उस दिन तो घोडे के सरीखा दौड रै थे, आज क्या हो गया?"

स्वयंपाकघरातून आवाज : "घोड्याला कळतं भाऊ, कुठं थांबायचं."

युसुफभाईंनी "हौ, बराबर है भाभी" म्हणून फितुरी केली आणि माझ्या उशाशी ठेवलेलं केळं खाल्लं.

११ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरबाईंकडे. सुनंदाने शाळेतून अर्धी रजा टाकली. मला एकट्याला पाठवलं तर मी तिथं प्रकृती उत्तम असल्याचं निवेदन देऊन येतो असा तिचा आरोप आहे. पुराव्यासह.

"बरं वाटलं की काय करता?"

"काम."

"किती?"

"होतं तेवढं."

"आणि मग?"

"मग होत नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "थकल्यावर थांबण्याला थांबणं म्हणत नाहीत, पडणं म्हणतात. बरं वाटत असतानाच थांबायचं. काम अर्धं राहिलेलं असताना. जोर शिल्लक असताना."

मी विचारलं, जोर शिल्लक असताना थांबायचं तर तो जोर कशासाठी?

"उद्यासाठी," बाई म्हणाल्या.

सुनंदा : "हे चिठ्ठीवर लिहून द्या बाई. माझं तोंडी चालत नाही." (परक्यांसमोर प्रमाण मराठी.) बाईंनी खरंच लिहिलं, गोळ्यांच्या खाली, विश्रांती थकण्यापूर्वी. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी वाचत वाचत तिथपर्यंत आला, फळीकडे वळला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "काका, हे आमच्याकडे नाय."

१६ डिसेंबर, रविवार

भगवानराव, सुनंदाचे धाकटे भाऊ, पिशोरहून आले. हातात निर्गुडीच्या पाल्याचं गाठोडं, गळ्यात मफलर, तोंडात सहानुभूती.

"दाजी, लई बारीक झालेत ओ तुम्ही! आक्का, दाजीला खायला देती का नाय?"

आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसासमोर आजाऱ्याने ताठ बसायचं असतं, हे कुणी शिकवत नाही, रक्तातच असतं. मी ताठ बसलो. हसलो. दोन विनोद केले. भगवानरावांनी निर्गुडीचा शेक, रुईची पानं, कन्नडचे एक वैद्य आणि चाळीसगावचे दुसरे, एवढं सगळं सुचवेपर्यंत ताठ बसलो. चहा दोनदा झाला.

मग खरी बातमी. त्यांच्या मुलीचं, रेणुकाचं, लग्न ठरलं. १० फेब्रुवारी, पिशोरलाच, दारात मांडव. "मंगलाष्टकं तुमचीच, दाजी. ह्याच्यात बोलायचं काम नाय."

सासरच्या घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं मी रचतो आणि मीच म्हणतो. वैजापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरात संस्कृत शिकून कुणाचं काय भलं झालं, तर एवढंच. सुनंदा म्हणाली, "यंदा त्यांना सांगू नको भगवान. लई येळ उभं राहावं लागतं." तेवढ्यात फोनवर रेणुका. "मामा," (आत्याचा नवरा आमच्याकडे मामाच) "तुम्ही नाय म्हणलात तर मी बोहल्यावर चढणार नाय. नवरदेवाला घरी पाठवून देईन."

हो म्हणालो. सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की चहाचा कप मी खाली ठेवला.

भगवानराव गेले. दार लागलं तसा जमिनीवरच आडवा झालो, पलंगापर्यंत कोण जातो. तर भगवानराव मफलर विसरले होते. परत आले. दारात उभे.

"आरं! आत्ता तर बसले होते दाजी! कामून असं?"

"रोजचंच हाय," सुनंदा म्हणाली. "तू आलास म्हणून ताठ बसले होते. आता पडू दे."

२० डिसेंबर, गुरुवार

शु., आणि नळाचा दिवस. दोन्ही एकदम म्हणजे पर्वणीच.

घर वर, नळ खाली. वापरायचं पाणी मोटारने टाकीत चढतं, पण प्यायचं सुनंदा कळशीने भरून वर आणते. टाकीतल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो असं तिचं मत आहे आणि मत अंतिम आहे. दोन नळांच्या मधले दिवस कसे काढायचे, कपडे कधी, लादी कधी, हे खातं तिचं. मी त्यात ढवळाढवळ करत नाही.

आज केली. ती शाळेत, पाणी दुपारी यायचं, अंगात जोर. आमच्या आईची शिकवण, नवं पाणी येणार असलं की शिळं घरात ठेवायचं नाही. तेव्हा पिंप ओतलं, हंडा ओतला, माठ ओतला, सगळं चिंचेने घासून गच्चीवर उन्हात पालथं घातलं. घर प्रदर्शनात मांडल्यासारखं दिसायला लागलं. मग खाली जाऊन नळ सोडला. नळ खाकरला, ओंजळभर तांबूस पाणी टाकलं आणि बंद. खालच्या काकू म्हणाल्या, कुठंतरी पाइप फुटलाय, आता उद्या नाहीतर परवा.

सुनंदा आली. "पाणी?"

"भांडी स्वच्छ आहेत," मी म्हणालो.

ती गच्चीवर जाऊन पालथी भांडी बघून आली. खाली जाऊन काकूंकडून एक हंडा उसना आणला. मग बसली.

"नळ यायच्या आधीच ओतलं?"

"शिळं होतं."

"शिळं असलं तरी होतं की."

यावर संस्कृतात काहीही उपलब्ध नाही.

जरा वेळाने भाजी निवडता निवडता म्हणाली, "अंगातल्या जोराचं पण असंच करता तुम्ही. जरा बरं वाटलं की सगळे हंडे पालथे. जसं काय उद्या नळ येणारच हाय." आणि तिचा कायदा सांगितला : नवं पाणी वरपर्यंत भरल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, आणि शेवटचा हंडा कुणालाच द्यायचा नाही. पाव्हणा आला तरी.

तहान लागली होती. अर्धाच पेला घेतला.

२२ डिसेंबर, शनिवार

पाणी आलं. मीही जरा आलो. ठरवलं, १० फेब्रुवारीपर्यंत शेवटच्या हंड्याला हात लावायचा नाही. बातमी अर्धी झाली की उठायचं. बाहेर एकच काम. सकाळी बाहेर असेल तर दुपारी घर. माळा बंद. शेजाऱ्यांच्या स्कूटरी ज्याच्या त्याने धुवाव्यात.

२८ डिसेंबर, शुक्रवार

न थकता आडवं होणं ही जगातली सर्वांत अवघड विद्या आहे. व्याकरण सोपं होतं. आडवा पडलो की चोर असल्यासारखं वाटतं. आज दुपारी पडलो होतो, संपादकसाहेबांचा फोन. मी झटकन उठून बसलो आणि मगच फोन घेतला, जणू त्यांना दिसत होतं.

"काय करताय?"

"लिहितोय."

सुनंदाने तिसरीच्या वह्यांवरून मान वर केली. "खोटं पण झोपून बोलायचं," ती म्हणाली. "तेवढाच आराम."

३ जानेवारी, गुरुवार

घोटाळा.

कधी थांबायचं हे मला कळत नाही म्हणून युसुफभाईंनी माझ्या फोनमध्ये गजर लावून दिला आणि वाजवायला स्वतःचाच आवाज भरला. आज एका पुढाऱ्यांची पत्रकार परिषद. पुढारी विकासावर बोलत होते, आधीच्या विकासावर बोलून झालं होतं, पुढच्याकडे वळत होते. आम्ही सगळे खाली मान घालून लिहितोय. आणि माझ्या खिशातून, मोठ्याने :

"बस करो पंडितजी! बहोत हो गया! घर चलो!"

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकलं, मग सगळा हॉल. फोन बंद करायचा तर बोटांना बटण दाबेना. तो पुन्हा म्हणाला. पुढाऱ्यांना वाटलं त्यांनाच. "आटोपतोच," म्हणाले आणि खरंच आटोपलं. चहाच्या वेळी तीन पत्रकारांनी येऊन माझे आभार मानले. युसुफभाई कॅमेऱ्यामागे तोंड लपवून उभे. "मेरी आवाज में दम है ना पंडितजी?"

घरी लवकर आलो. शु. टिकला.

९ जानेवारी, बुधवार

मंगलाष्टकं. रोज थोड्या ओळी, जास्त नाही. वृत्त शार्दूलविक्रीडित. बाराव्या अक्षरावर यती असतो, तिथं श्वास घ्यायचा. न घेता पुढं रेटलं तर शेवटची सात अक्षरं तोंडातून हवा निघाल्यासारखी येतात. हे मला कळत्या वयापासून माहीत आहे, पोरांना शिकवलंही आहे. आणि हाच मी एका दिवसात वैजापूर, माळा आणि दोन स्कूटरी. असो.

शेवटचं कडवं घरच्यांच्या थट्टेचं, ती आमची रीत. आज एक ओळ बसली :

आत्या राबतसे सदा घरभरी, मामा बसे आसनी

चोख बसली. अक्षर इकडचं तिकडं नाही. सुनंदाला म्हणून दाखवली. तिच्या हाताला कणीक.

"ह्ये मांडवात म्हणणार?"

"थट्टा आहे."

"थट्टा कुठाय? बातमी हाय," म्हणाली आणि पोळपाटाकडे वळली. पण हसत होती. मी बघितलं.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शु. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या, मी आतल्या खोलीत शहाण्यासारखा आडवा. सुनंदा सकाळी शाळा, दुपारी तिळाचे लाडू, संध्याकाळी ते.

नंतर ती खाली काकूंकडे वाण देऊन आली. जिन्याच्या वळणावर थांबल्याचा आवाज आला. बराच वेळ. मी दारात जाऊन विचारलं, काय झालं?

"किल्ली शोधतेय."

किल्ली दाराला होती. मी म्हणालो, "माझ्याकडून विद्या घेतेस वाटतं. न थकता थांबण्याची." ती कठड्याला धरून वर आली. "फी किती?" म्हणाली.

२३ जानेवारी, बुधवार

कृ. काहीही केलेलं नसताना कृ. वेळेवर पडलो, वेळेवर उठलो, अर्ध्यावर थांबलो, गोळ्या घेतल्या, माळ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. तरी कृ. हा अन्याय आहे, आणि या खात्यात तक्रार कुठं करायची याचा पत्ता नाही.

डॉक्टरबाईंना फोन. "होतं असं. तुम्ही काही चुकीचं केलं नाही." हे ऐकून जास्त राग आला. चूक असती तर सुधारता आली असती.

सुनंदाने शेकायची पिशवी गरम करून दिली. "नळाला पण न सांगता नागा पडतोच की. म्हणून काय हंडा फोडायचा?" मग माझं पांघरूण सारखं केलं, वह्यांचा गठ्ठा घेतला आणि पलंगाला टेकून खाली बसली. तपासता तपासता तिचा डोळा लागला. हातात लाल पेन तसंच. एका पोराच्या बेरजेवर लांब लाल रेघ गेली.

२९ जानेवारी, मंगळवार

शु.कडे सरकतोय. मूठ अर्धी.

२ फेब्रुवारी, शनिवार

आठवड्यावर आलं. रेणुकाची एकुलती आत्या म्हणजे अर्धं लग्न सुनंदाच्या डोक्यावर. साड्या तिनेच निवडायच्या, रुखवत तिनेच मांडायचं, शनिवारी शाळा सुटली की एसटीने पिशोर, रविवारी रात्रीपर्यंत परत. जायच्या आधी माझ्या दोन दिवसांच्या भाकरी, भाजी, डब्यांची झाकणं सैल करून ठेवलेली, नाहीतर मला उघडत नाहीत. आजचं भांडण खुर्चीवरून. मंगलाष्टकं बसून म्हणायची असा तिचा हुकूम. मी म्हणालो, खुर्चीत बसून मंगलाष्टकं म्हणजे तहसीलदाराने निकाल वाचल्यासारखं होईल.

"होऊ द्या. उभं राहून पडलात तर लग्न माझ्या भाचीचं, आन् बघतील सगळे तुम्हाला."

मुद्दा बिनतोड होता. खुर्ची मान्य. हत्याची पाहिजे, एवढी अट घालून अब्रू राखली.

१० फेब्रुवारी, रविवार. पिशोर

पलंगावर आडवा पडून लिहितोय, भगवानरावांच्या आतल्या खोलीत. बाहेर पंगत, ताशा, कुणाचं तरी पोर रडतंय. मन गच्च आहे. लिहून टाकतो.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा, म्हणजे नवरदेव मारुतीच्या पारावरून नाचत येईपर्यंत दोन तरी नक्की. पूर्वी मी सकाळपासून मांडवात मिरवायचो. यंदा आत पडून राहिलो. अधूनमधून कुणीतरी डोकावायचं, "दाजी, बरं हाय ना?" आणि मी, न उठता, "छान आहे." न उठता! हे जमलं.

वाजंत्री दारात आली तेव्हा बाहेर गेलो. बोहल्याशेजारी खुर्ची. मांडववाल्याने उत्साहाने तिला लाल मखमल आणि झेंडूच्या माळा घातलेल्या. मी बसलो. समोरचे एक आजोबा शेजाऱ्याला मोठ्याने : "नवरदेव लई पिकलेला दिसतोय रं!" मांडव हसला. युसुफभाईंनी फोटो घेतला; तो ते मला आयुष्यभर दाखवणार.

म्हणालो. पहिलं कडवं, दुसरं. प्रत्येक बाराव्या अक्षरावर श्वास. आवाज कुठं हलला नाही. आंतरपाटाच्या अलीकडे रेणुकाचे डोळे भरले. शेवटच्या कडव्याला ती ओळ आली, "आत्या राबतसे सदा घरभरी, मामा बसे आसनी", आणि मी मखमलीच्या खुर्चीत. असा हशा की ताशेवाल्याला वाटलं संपलं, त्याने वाजवायलाच घेतलं. सुनंदा हातात अक्षतांचं ताट घेऊन धावपळीत होती, घामाने डबडबलेली. तिने नवरा-नवरीच्या अक्षता मूठभर मलाच मारल्या. तिच्या गावच्या बायका टाळ्या पिटायला लागल्या. "घ्या दाजी, हानली आक्कानं!"

सावधान झालं. जेवणाला न थांबता आत आलो. रेणुका जाता जाता पाया पडायला आली, म्हणाली, "मामा, तुम्ही झोपून आशीर्वाद द्या."

शिल्लक आहे. खरंच, अंगात अजून शिल्लक आहे.

११ फेब्रुवारी, सोमवार

शु.!! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शु. हे दोन वर्षांत झालं नव्हतं. सकाळच्या एसटीने परत आलो, बोटं वळतायत, गुडघे गप्प. युसुफभाईंना फोन करून दिमाखात सांगितलं. "पंडितजी, अब तुम उस्ताद हो गए. क्लास खोलो."

सुनंदा उतरली ती बॅग घरात टाकून तशीच शाळेत.

१३ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिलं नाही.

काल नळाचा दिवस होता. सुनंदा शाळेतून आली, चहा उभ्यानेच घेतला आणि कळशी घेऊन खाली. मी नियमाप्रमाणे खुर्चीत. क्रिकेटचा धावफलक सांगावा तसं दारातून सांगत होतो, पिंप अर्धं, पिंप भरलं. मग हंडा. मग जिन्याच्या वळणावर पावलं थांबली.

"किल्ली शोधतेस का?" मी ओरडलो. थट्टेने.

खालून नुसता नळाचा आवाज येत राहिला.

गेलो. ती पायरीवर बसली होती. भरलेली कळशी शेजारच्या पायरीवर, नीट ठेवलेली, थेंब सांडलेला नाही. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एक हात छातीशी.

"काही नाय. दम लागला. तुम्ही कामून उठलात? उद्या कृ. करून बसाल." शु.-कृ. तिला ठाऊक आहे. मी कधी सांगितलं नव्हतं.

कळशी उचलायला गेलो. कडा धरली, बोटं तिथंच सुटली. दोनदा. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. खाली नळ चालू राहिलेला, पाणी वाहून चाललेलं. आमच्या घरात पाणी वाहून जाताना ती गप्प बसली आहे असं मी लग्नापासून पाहिलेलं नाही.

"हे कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?"

"सुनंदा."

"लग्नाची दगदग झाली. पोरांच्या परीक्षा होऊ द्या, मग दाखवू." जरा वेळाने पदराने तोंड पुसलं, उठली, कळशी कमरेवर घेतली आणि वर गेली. मी मागून रिकामा.

आज ती शाळेत गेली. मी घरी आहे. शु. आहे. हातपाय कसे हलके आहेत.

संक्रांतीच्या दिवशी किल्ली दाराला होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी त्यावर विनोद केला. ती ओळ वृत्तात चोख बसली म्हणून मी खूश होतो, मांडवभर लोक हसले म्हणून आणखी खूश. इतके दिवस मी काम अर्ध्यावर टाकून उठत होतो, ते अर्धं कोण पुरं करत होतं, हे मी कधी विचारलं नाही. मी जे केलं नाही ते आपोआप होत होतं असं मला वाटत असावं.

डॉक्टरबाईंना सकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, परीक्षांपर्यंत थांबू नका. शनिवारची वेळ घेतली आहे, शाळा सुटल्यावरची. तिला अजून सांगितलेलं नाही. ती येईल का, माहीत नाही. तिला उचलून तर मी नेऊ शकत नाही.

माझ्या सांध्यांची मला आता तितकीशी भीती वाटत नाही. सुनंदाला काही होईल, याची वाटते. फार वाटते.